दाराबाहेर बसवलेल्या जोडीदारालाही आत बोलवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयरोग विभाग चालवणारी सर्व सरकारी व खासगी रुग्णालये यांस,

स. न. वि. वि.

मी सातारची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. वय ६८. माझे यजमान ७४ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले.

गेल्या महिन्यात यांना घेऊन नेहमीच्या तपासणीला गेले, तेव्हा ओपीडीच्या दारावर नवा कागद चिकटवलेला दिसला. ‘फक्त रुग्णाने आत यावे. नातेवाइकांनी बाहेर थांबावे.’ आतापर्यंत आम्ही दोघं बरोबरच आत जात होतो. गर्दी फार होती, नियम कशासाठी केला असेल ते समजत होतं, म्हणून काही न बोलता बाकावर बसले. हे आत गेले आणि चार-पाच मिनिटांत बाहेर आले. मी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?” हे म्हणाले, “छातीत दुखतं का, दम लागतो का, विचारलं. नाही म्हणून सांगितलं.” फाईलवर लिहिलं होतं: प्रकृती स्थिर, औषधं तीच, तीन महिन्यांनी दाखवणे.

यांनी सांगितलं ते खरंच होतं. छातीत दुखत नव्हतंच. पण त्याआधीचे पंधरा दिवस यांनी दाढी केली नव्हती, पेपर उघडला नव्हता. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अंधारात उभे राहायचे. ही माहिती असणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला नियमाने बाकावर बसवलेलं होतं.

त्या कागदामुळे हे पत्र लिहायला घेतलं. कोणत्या रुग्णालयातला कागद ते सांगत नाही, कारण मला एका रुग्णालयाशी भांडायचं नाही. तो कागद नसतो तिथेही म्हातारपणी हृदयविकार झालेल्या माणसाच्या मनाची चौकशी होत नाही आणि त्याच्या जोडीदाराची तर नाहीच नाही, असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या कितीतरी घरांचं सांगणं आहे.

आमच्या घरात काय झालं ते आधी सांगते.

अँजिओप्लास्टी चोख झाली. त्या रात्री ज्यांनी धावपळ केली त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे, वॉर्डबॉयचे आमच्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही. घरी आल्यावर पहिला महिना येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेला. मग माणसं यायची थांबली आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. त्याआधी रोज पहाटे साताऱ्याच्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून जायचे, उतरताना मंडईतून भाजी आणायचे. गल्लीतले सगळे मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्तीला आमच्याकडे यायचे. शेजारच्या वहिनींचा मिक्सर आजारपणाआधी उघडला होता. तो तसाच टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहिला. वायंडिंगवर धुळीचा थर बसला, पाने आणि डिसमिस शेजारी मांडलेले तसेच. मी एकदा तो उचलून ठेवायला गेले तर म्हणाले, “राहू दे. करतो.” पण हात लावला नाही.

मला वाटलं, अशक्तपणा आहे. मुलाला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, “आई, त्यांना सांग पॉझिटिव्ह राहायला.” मीही तेच सांगत राहिले. कधी प्रेमाने, कधी चिडून. चिडले त्याचं आज फार वाईट वाटतं.

जून महिन्यात धुणं भिजवताना यांच्या बंडीच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. कापडाला चिकटलेल्या, ओलसर होऊन फुटलेल्या गोळ्या होत्या. मोजल्या तर नऊ. त्यात रक्त पातळ ठेवायची क्लोपिडोग्रेल होती. स्टेंट बसवल्यावर निदान वर्षभर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करायची नाही, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो, हे घरी सोडताना आम्हाला बजावून सांगितलं होतं. मी रोज हातावर गोळी ठेवत होते आणि हे ती तोंडात टाकल्यासारखं करून खिशात घालत होते. मी रडतच विचारलं, असं का करता? तर शांतपणे म्हणाले, “अगं, स्क्रॅपला काढलेली गाडी आहे मी. तिच्यात उगाच डिझेल कशाला घालता?”

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि यांना दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, खिन्न, निराश वाटतं असं किती दिवस? हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रोजच.” आणि पन्नास वर्षांच्या संसारात मी दुसऱ्यांदा यांना रडताना पाहिलं. पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा.

मग बाई माझ्याकडे वळल्या आणि तेच दोन प्रश्न मला विचारले. मी म्हटलं, “माझं काय घेऊन बसलात, मी बरी आहे.” त्यांनी बीपीचा पट्टा माझ्या दंडाला बांधला. १७८ वर १०२ निघालं. त्यांनी पुन्हा विचारलं, “काकू, झोप किती लागते?” तेव्हा सांगितलं. सात महिने मी रात्रभर यांच्या पाठीवर हात ठेवून झोपत होते, पाठ वर-खाली होते आहे ना बघायला. हाताला हालचाल लागली नाही की माझं काळीज थांबायचं, मग दिवा लावून बघायचे. दिवसा घशाखाली घास उतरायचा नाही. भजनाला जाणं सोडलं होतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मी धसका घेतला होता. पण धसक्यालाही बीपी असतं आणि ते पट्ट्यावर मोजता येतं, हे मला ६६ व्या वर्षी कळलं.

म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या घरात एक हृदयरुग्ण होता आणि जून २०२३ मध्ये दोन आजारी माणसं होती. मधल्या सात महिन्यांत तपासणीला चार वेळा गेलो होतो.

माझी मुलगी सांगलीला फार्मसी कॉलेजात शिकवते. तिच्याकडून मी या विषयातलं एकेक समजून घेतलं, वहीत उतरवून काढलं. डॉक्टर, आपल्याला यातलं सगळं माझ्याहून जास्त माहीत आहे. तरीही लिहिते, कारण हे पत्र माझ्यासारख्या बायका आणि यांच्यासारखे पुरुषही वाचतील आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसेल.

कॅनडातल्या माँट्रियलच्या संशोधकांनी १९९३ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात असतानाच ज्यांना नैराश्य होतं, त्यांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका, हृदय किती दुबळं झालं आहे वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, इतरांच्या सुमारे चौपट निघाला. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला. ५२ देशांमधला, त्यात भारतही होता. धूम्रपान, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्याच पंगतीत त्यांनी मनावरचा ताण आणि नैराश्य बसवलं. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांना नैराश्याबद्दल विचारा अशी सूचना काढली, आणि सुरुवात त्याच दोन प्रश्नांनी करा असं सांगितलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या गल्लीत विचारले तेच दोन प्रश्न.

हे का होतं, तर त्यात गूढ काही नाही. मन खचलं की ताणाची रसायनं रक्तात वाढलेली राहतात, नाडीची लवचिकता कमी होते, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या पेशी, लवकर चिकटतात, शरीरात बारीक दाह चालू राहतो. आणि माणूस चालायला जात नाही, जेवत नाही, गोळ्या बंडीच्या खिशात टाकतो. हे शेवटचं कोणत्याही इकोत दिसत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नैराश्यावर उपचार केले म्हणजे आयुष्य वाढतंच, असं सगळ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेत २००३ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना समुपदेशन दिलं. उदासी कमी झाली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१८ मध्ये कोरियातल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात मात्र औषध घेतलेल्यांना आठ वर्षांच्या काळात हृदयाचे त्रास कमी झाले. शास्त्रज्ञ यावर काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्या घरी यांनी उपचारानंतर तिसऱ्या महिन्यात तो मिक्सर दुरुस्त करून वहिनींना नेऊन दिला आणि स्वतःच्या हाताने गोळी घ्यायला लागले. वर्षं किती वाढली मला माहीत नाही, पण दिवस परत मिळाले.

आता जोडीदाराचं. यासाठीच तर हे पत्र आहे.

आपल्या भाषेत ‘हाय खाणे’ असं म्हणतात. आमच्या संघातले एक मास्तर, बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात गेले. सगळे म्हणाले, मास्तरांनी हाय खाल्ली. लहानपणापासून ऐकत आले, पण ही नुसती बोलायची पद्धत नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली ५५ वर्षं आणि त्यापुढच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते, आणि सर्वांत मोठी वाढ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंत होती. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमाराला ताकोत्सुबो नावाचा आजार सांगितला. मोठा मानसिक धक्का बसला की हृदयाचा खालचा भाग फुगून त्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, लक्षणं सगळी झटक्याची आणि रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या. तो बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या बायकांना होतो.

पण जोडीदार जावाच लागतो असं नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ५,१८,२४० जोडप्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवलं की नवरा किंवा बायको रुग्णालयात दाखल झाली की दुसऱ्याचाही मृत्यूचा धोका वाढतो. आणि आजार कोणता यावर तो अवलंबून असतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ वाढला नाही, हृदय दुबळं झालेल्याच्या जोडीदारात वाढला, आणि नवरा मानसिक आजाराने दाखल झाला तर बायकोचा धोका वर्षभरात जवळपास एक तृतीयांशाने वाढला. डेन्मार्कच्या अभ्यासात तर झटक्यातून वाचलेल्यांच्या जोडीदारांनाही नैराश्याची औषधं इतरांपेक्षा जास्त लागली, आणि त्यात पुरुष जास्त खचले. माणूस वाचला, घरी आला, पेढे वाटले आणि तरीही. हे वाचलं तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. मला वाटत होतं मीच कमकुवत आहे.

१९९९ चा आणखी एक अभ्यास आहे, आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा. ज्यांना त्या काळजीचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतले मृत्यू ६३ टक्क्यांनी जास्त होते. मी तो आकडा यांना सांगितला नाही.

हे सगळं परदेशचं, असं म्हणून बाजूला ठेवू नका. देशातल्या वृद्धांची सर्वांत मोठी पाहणी आपल्याच मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली आहे, ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२,००० लोकांची. २०१७-१८ च्या त्या पाहणीत साठीच्या पुढच्या ८ टक्क्यांहून अधिक लोकांत नैराश्याची लक्षणं आढळली. आणि डॉक्टरने तसं निदान केलेलं किती जणांनी सांगितलं? एक टक्काही नाही. म्हणजे दहातल्या नऊ जणांना कोणी विचारलंच नाही. त्याच पाहणीतल्या जोडप्यांवर २०२३ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की भारतात दर पाचातल्या एका जोडप्यात नवरा-बायको दोघांनाही बीपी आहे. एकाच डब्यातलं मीठ आणि एकाच छपराखालची काळजी. एकाला बीपी निघालं की दुसऱ्याचं त्याच खोलीत बघायला किती वेळ लागतो?

आता माझ्या तक्रारी.

पहिली त्या दारावरच्या कागदाची. म्हातारा पुरुष डॉक्टरसमोर “मला उदास वाटतं” असं म्हणणार नाही. आयुष्यभर ज्याने वर्कशॉपमध्ये “चालतंय” एवढंच उत्तर दिलं, तो चार मिनिटांत मन उघडं करेल अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे. बायकाही नवऱ्याबरोबर नसल्या की “सगळं बरं आहे” म्हणतात. त्यांचं खरं सांगणारा त्यांचा जोडीदार असतो आणि आपण त्यालाच बाहेर काढता. गर्दीसाठी चार नातेवाईक अडवा, जरूर अडवा. नवरा-बायकोला अडवू नका.

दुसरी तक्रार अशी की घरी सोडताना आम्हाला मीठ, तेल, जिने, वजन, संडासला जोर न करणं इथपर्यंत सगळं छापील कागदावर मिळालं. मनाबद्दल त्यावर एक ओळ नव्हती. ‘पुढच्या दोन-तीन महिन्यांत रुग्ण गप्प झाला, गोळ्या टाळू लागला, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला तर आम्हाला कळवा’, एवढी ओळ असती तर मी चिडले नसते.

तिसरी तक्रार बायकांच्या वतीने करते. आमच्या संघातल्या एका ताईंना धाप, धडधड, जीव घाबरा होणं असं वर्षभर होत होतं. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका. शेवटी अँजिओग्राफीत दोन नळ्या अरुंद निघाल्या. मन आणि हृदय यांचा संबंध सांगताना मला ही भीती वाटते की बाईचं हृदय ‘टेन्शन’ म्हणून सोडून द्यायला आणखी एक निमित्त मिळेल. तसं होऊ देऊ नका. टेन्शन आहे म्हणून ईसीजी काढायचा नाही, असा अर्थ कोणी लावू नये. दोन्ही बघा.

चौथी तक्रार डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलण्याची आहे. यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तेव्हा त्यांनी सगळी फाईल मागितली. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या हृदयरुग्णाला चालत नाहीत, आणि नव्या गोळ्यांनी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून बघून द्यावं लागतं. त्यांनी नीट बघून दिलं, सर्ट्रालीन लहान मात्रेत सुरू केली. पण हृदयरोग विभागात ती चिठ्ठी दाखवली तेव्हा एका तरुण डॉक्टरने न वाचता सांगितलं, “या मनाच्या गोळ्या कशाला, बंद करा, सवय लागते.” सवय लागायची ती औषधं वेगळी असतात, हे मला मुलीने समजावलं म्हणून आम्ही थांबवली नाही. ज्याची मुलगी फार्मसीत नाही त्याने काय करावं?

आणि पैशांचं. स्टेंटला सरकारी योजना आहे, सत्तरीच्या पुढे आयुष्मानचं कार्ड आहे, फार चांगलं आहे. ही मदत मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असते. दर महिन्याला मानसोपचारतज्ज्ञाची फी, समुपदेशन आणि गोळ्या, हे पेन्शनमधून जातं. आमचं भागलं. संघातल्या ज्यांची पेन्शन दोन-तीन हजार आहे, त्यांनी पहिल्याच महिन्यात सोडून दिलं.

माझ्या मागण्या मोठ्या इमारतींच्या नाहीत. मंत्रिमहोदय, आपल्याच खात्याच्या आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आजारांचा धोका बघायला जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या शेवटच्या भागात ते दोन प्रश्न आधीपासून छापलेले आहेत. मी स्वतः आमच्या आशाताईंकडे तो कागद पाहिला आहे. जे दोन प्रश्न सरकारने गावातल्या ओसरीवर विचारायचे ठरवले, ते लाखोंचं यंत्र असलेल्या हृदयरोग विभागात विचारले जात नाहीत, याचं कारण मला कोणी सांगावं. जिल्हा रुग्णालयात बीपी-शुगरचा एनसीडी क्लिनिक आहे, मानसिक आरोग्याची ओपीडीही आहे. एका खोलीतला पेशंट दुसऱ्या खोलीत पोचत नाही.

म्हणून मागते आहे ते असं. झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ते दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर फाईलवर लिहावं. सिस्टरांनी विचारले तरी चालेल, दोन मिनिटं लागतात. उत्तर काळजीचं आलं तर पुढची नऊ प्रश्नांची तपासणी आणि मानसोपचाराची चिठ्ठी त्याच दिवशी, त्याच आवारात मिळावी. साठीच्या पुढच्या रुग्णाबरोबर नवरा किंवा बायको आली असेल तर तिला आत घ्यावं. रुग्णाला एकट्याने काही बोलायचं असेल तर त्याला ती मुभा आधी द्यावी, पण दार जोडीदाराला बंद नसावं. त्याच भेटीत जोडीदाराचं बीपी मोजावं, तेच दोन प्रश्न त्यालाही विचारावेत, आणि त्याच्या नावाचा वेगळा कागद काढावा. मी ‘यांच्या फाईलीतली बायको’ म्हणून तपासली जाऊ नये, माझं बीपी माझ्या नावावर असावं.

घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत मनाबद्दलच्या चार ओळी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात छापावा. हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, म्हणजे यांना अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडलं त्याच्या आधीपासून, आणि तो मला डिसेंबर २०२३ मध्ये कळला. रात्री दोनला ओट्यापाशी कोणी उभं असेल तेव्हा फोन करता येतो, हे कळणं फार मोठी गोष्ट आहे.

सरकारी आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या पुढच्या निदान वर्षभराचा मानसोपचार जोडावा, गोळ्यांसकट. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवा असंच सांगतो, विम्यातसुद्धा.

आणि जोडीदार गेलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पहिल्या सहा महिन्यांत आशाताईंनी किंवा उपकेंद्राच्या सिस्टरांनी दर महिन्याला एक चक्कर मारावी. बीपी बघावं, डब्यातल्या गोळ्या मोजाव्यात, जेवलात का विचारावं. दहाव्या-बाराव्याला माणसं असतात, त्यानंतर कोणी नसतं. आमच्या मास्तरांकडे कोणी गेलं असतं तर ते आज असते, असं मी म्हणत नाही. पण कोणीतरी जायला हवं होतं. आमचे ज्येष्ठ नागरिक संघ यात हातभार लावायला तयार आहेत. यादी द्या, आम्ही जोडीजोडीने जाऊ.

हृदयरोगतज्ज्ञांना एक वेगळी विनंती. आपल्या एका वाक्याला घरात किती वजन असतं याची आपल्याला कल्पना नसेल. आपण “आता तुम्ही ठणठणीत” म्हणता तेव्हा आमचे हे त्यावर विश्वास ठेवतात आणि मग उदास वाटतं याचीच त्यांना लाज वाटते. त्याऐवजी आपण एकदा म्हणालात, की “असं झाल्यावर बऱ्याच जणांचं मन खचतं, तुमचं खचलं असेल तर तेही आम्हाला सांगायचं”, तर तो शब्द ते घरी घेऊन येतील. माझ्या तोंडून तो दहा वेळा सांगून पोचला नाही.

हे सध्या पुन्हा थोडे खाली गेले आहेत. पंधरा दिवसांची दाढी मी सांगितलीच. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीची मात्रा वाढवली आहे, आणि परवापासून सकाळी फाटकापर्यंत येतात माझ्याबरोबर. माझं बीपी १३८ वर ८४ आहे.

आमची पुढची तारीख जवळ आली आहे. यांची फाईल, गोळ्यांचा डबा, माझ्या बीपीची वही आणि हे पत्र पिशवीत भरून ठेवलं आहे. दारावर तो कागद असेल तर मी सिस्टरांना विचारणार आहे, “मला यांच्याबरोबर आत येऊ द्याल का?”

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा